गुलामी महाग कुणी पाडली?

२३ ऑगस्ट हा दिवस युनेस्कोने गुलामांचा व्यापार आणि त्याचं निर्मूलन यांच्या स्मरणासाठी ठरवला आहे. तारीख निवडताना त्यांनी कुठल्याही संसदेतला कायदा धरला नाही. २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री सँ दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, उसाचे मळे पेटले, ती रात्र धरली. निवड अगदी योग्य आहे. तरीही गुलामगिरी कशी संपली असं विचारलं की आपल्याकडे बहुतेकदा तीनच उत्तरं येतात: गुलामीविरुद्ध लढणारा ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स, ब्रिटनचा १८३३ चा मुक्तीचा कायदा आणि लिंकन. त्यापाठोपाठ एक प्रश्नही हमखास येतो. लाखो माणसं होती, हातात कोयते होते, मग त्यांनी बंड का नाही केलं?

गुलामाला गुलामीची जाणीव झाली की तो बंड करून उठतो, हे सूत्र महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी आहे. जातीच्या संदर्भात ते खरंही आहे. तिथे दास्यावर धर्माचा आणि पूर्वसंचिताचा मुलामा असतो, तो आधी खरवडून काढावा लागतो. पण तेच सूत्र कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांना लावलं तर फसगत होते. १७९१ साली सँ दोमँगमध्ये सुमारे पाच लाख गुलाम होते आणि त्यांतली निम्म्याहून अधिक माणसं आफ्रिकेत जन्मलेली होती. स्वतंत्र असताना आपण कसे जगत होतो हे त्यांना आठवत होतं. जाणीव करून द्यायला बाहेरून कुणी यायची गरज नव्हती. टंचाई होती ती दारूगोळ्याची, निरोप पोचवायच्या वाटांची, लपायच्या जागेची आणि फितुरी होण्याआधी कट तडीस न्यायला लागणाऱ्या वेळेची. या चारही गोष्टी जिथे जुळवता आल्या तिथे बंडं झाली, आणि जुळवायचं काम गुलामांनी स्वतः, अतिशय डोकं लावून केलं. मालकांना आणि सरकारांना गुलामी परवडेनाशी झाली ती या कामामुळे. कायदे त्यानंतर आले.

ऊस आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे, म्हणून मळ्याची रचना मराठी वाचकाला चटकन कळेल. तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही तर रस आंबतो आणि उतारा घसरतो. त्यामुळे फड, चरक आणि काहिली यांचा वेग एकमेकांना बांधलेला असे, आणि गाळपाच्या महिन्यांत चरक पाळ्या लावून रात्रंदिवस चाले. तीन उभ्या रुळांत ऊस सारायचं काम बहुधा बायकांकडे असे. झोपेने डोळा लागला आणि हात रुळात ओढला गेला, तर तो तोडायला कुऱ्हाड शेजारीच ठेवलेली असे. रस उकळत्या काहिलींमधून एकीतून दुसरीत ओतत न्यायचा. त्यात चुना किती घालायचा, हे तिथला गुलाम कारागीर रंग आणि फेस पाहून ठरवायचा. चुना कमी पडला तर दाणा धरत नाही, जास्त झाला तर साखर काळवंडते. म्हणजे मालकाचा सगळा नफा अशा माणसाच्या अंदाजावर उभा होता, ज्याला त्या नफ्यातलं काही मिळणार नव्हतं. अंदाज ‘चुकणं’, बैल लंगडणं, रुळांत दगड सापडणं, कोयत्याची मूठ मोडणं, ऐन तोडणीत दहा माणसं आजारी पडणं, यांतलं काहीही सिद्ध करता येत नसे. मळ्यांच्या हिशेबांत या तक्रारी इतक्या येतात की त्यांना आळस म्हणणं हा मालकांचा शब्द झाला. तो आपण उचलायचं कारण नाही.

पळून जाणाऱ्याला काय शिक्षा होती, तेही पाहून ठेवावं. १६८५ च्या फ्रेंच ‘काळ्या संहिते’नुसार महिनाभर फरार राहिलेल्याचे कान कापून एका खांद्यावर डाग देत. दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर कापत आणि दुसऱ्या खांद्यावर डाग देत. तिसऱ्यांदा मृत्युदंड होता. पळणं एकदाच घडलं असतं तर कायद्याला तीन पायऱ्या कराव्या लागल्या नसत्या.

आता १७९१ च्या तयारीकडे येऊ. १४ ऑगस्टला, रविवारी, उत्तरेच्या मैदानी भागातल्या लनॉर्माँ द मेझी मळ्यावर सुमारे दोनशे माणसं जमली. एका मळ्यामागे दोन, असे शंभरेक मळ्यांचे हे प्रतिनिधी होते. त्यांतले बरेच जण मुकादम होते. हा शब्द इथे चपखल बसतो, कारण गोऱ्या व्यवस्थापकाच्या हाताखाली टोळी हाकणारा, पहाटे शिंग वाजवणारा, चाबूक बाळगणारा हा माणूस स्वतःही गुलामच होता. एका साखरमळ्यावरच्या दोनशेच्या आसपास माणसांपैकी कोण विश्वासाचं, कोण घाबरट, कुणाला घरात प्रवेश आहे, हे त्याला ठाऊक असे. दुसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे मालकाचा गाडीवान. त्याला मळ्याबाहेर जायची मुभा होती, आणि गाडीत बसलेल्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडत असे. बंडाचा पहिला पुढारी बुकमन मुकादम आणि गाडीवान होता असं सांगितलं जातं. पुढे या लढ्याचा प्रमुख नेता झालेला तुसाँ लूव्हेर्त्यूरही गाडीवानाचं काम करत असे. मालकाने ज्यांच्यावर सर्वाधिक विश्वास टाकला, तेच कटाचे खांब ठरले. यात नवल वाटण्यासारखं काही नाही, हालचालीची मोकळीक आणि माहिती त्यांच्याकडेच होती.

त्या बैठकीत एक कागद वाचून दाखवला गेला. राजाने आठवड्याला तीन दिवस मोकळे दिले आहेत आणि चाबूक बंद केला आहे, मालक मात्र हुकूम दाबून ठेवत आहेत, असा त्याचा आशय होता. असा हुकूम निघालेला नव्हता. पण ही भोळी अफवा होती असं समजू नये. ‘आपण कायदा मोडत नाही, मालक मोडत आहेत’ ही भूमिका घेतली की द्विधा मनाचा माणूसही बाजूला येतो. १८२३ मध्ये ब्रिटिशांच्या डेमेरारात (आजच्या गयानात) आणि १८३१ मध्ये जमैकात हीच भूमिका पुन्हा दिसते. डेमेरारात तर ती निम्मी खरी होती. लंडनहून बायकांना फटके मारू नयेत आणि फडात चाबूक वापरू नये अशा सूचना खरोखर आल्या होत्या आणि वसाहतीच्या सरकारने त्या जाहीर केल्या नव्हत्या. घरकाम करणाऱ्या गुलामांनी साहेबांचं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं ऐकलं आणि त्यातून बातमी फुटली.

सँ दोमँगमध्ये गोष्टी चुकल्याही. लिंबे भागात काहींनी ठरल्या दिवसाआधीच आग लावली, पकडले गेले, आणि चौकशीत कट बाहेर आला. उत्तरेतलं मुख्य शहर ल काप सावध झालं. वसाहतीच्या सभेसाठी जमणारे प्रतिनिधी आणि शहर एकाच वेळी ताब्यात घेण्याचा बेत त्यामुळे फसला. शहर तेव्हाच हाती लागलं असतं तर पुढची बारा वर्षं कदाचित बारा महिन्यांत आटोपली असती, असं मला वाटतं. मैदान मात्र पेटलं. आठवड्याभरात १८४ साखरमळे जळाले. नुसते उसाचे फड जाळून ते थांबले नाहीत. चरकाचे रूळ फोडले, काहिली निकामी केल्या. जळालेला ऊस खोडव्यातून पुन्हा फुटतो. फोडलेला चरक समुद्रापलीकडून मागवावा लागतो, त्याला कर्ज लागतं, आणि कर्ज देणाऱ्याला या बेटावर पुन्हा पैसा लावायचा धीर होत नाही. कुठे मारलं म्हणजे भरून येत नाही, हे ज्यांनी तिथे आयुष्य घालवलं त्यांना नेमकं माहीत होतं.

बुकमन नोव्हेंबरात मारला गेला. त्यानंतर जाँ-फ्रांस्वा आणि बियासू या सेनानींनी वाटाघाटीत जे मागितलं ते वाचून आजही वाईट वाटतं. काहीशे पुढाऱ्यांना स्वातंत्र्य द्या, बाकीच्यांना आम्ही कामावर परत आणतो, असा प्रस्ताव होता. पुढे आकडा आणखी खाली आणला गेला. मळेवाल्यांच्या सभेने तोही तुच्छतेने फेटाळला. बंडाला पुढाऱ्यांपेक्षा पुढे नेलं ते फडातल्या माणसांनी, आणि या सौद्याची आठवण ठेवल्याशिवाय तो इतिहास प्रामाणिकपणे सांगता येत नाही. इंग्रज आणि स्पॅनिश फौजा चालून येत असताना फ्रान्सने पाठवलेल्या आयुक्त साँतोनाक्सने २९ ऑगस्ट १७९३ ला उत्तरेत गुलामी रद्द केली. ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसमधल्या क्रांतिकारी राष्ट्रसभेने ती साऱ्या फ्रेंच वसाहतींत रद्द केली. बेट हातचं जाऊ नये म्हणून बंडखोरांना आपल्या बाजूला घेण्याची ती किंमत होती.

मे १८०२ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने उलटा कायदा केला. ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच बेटावर गुलामी परत येत आहे ही बातमी सँ दोमँगला पोचली तेव्हा नेपोलियनने पाठवलेला सेनापती लक्लेर लोकांच्या बंदुका जमा करत होता. तुसाँला आधीच पकडून फ्रान्सला धाडलं होतं. ७ एप्रिल १८०३ ला तो थंड डोंगरी किल्ल्यात वारला. पण बंदुका देऊ नका, एवढं सांगायला आता तुसाँची गरज उरली नव्हती. लहान-लहान टोळ्यांनी डोंगर धरले, पिकं जाळली, आणि पिवळ्या तापाच्या दिवसांची वाट पाहिली. लक्लेर स्वतः त्याच तापाने गेला. १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हर्तिएरला बंडखोरांचा सेनापती देसालीन याच्या सैन्याने शेवटची लढाई जिंकली आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. तापाने जिंकून दिलं असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं की ताप कॅरिबियनमध्ये सगळीकडेच होता.

जमैकाचा प्रसंग मला याहूनही बोलका वाटतो, कारण तिथे आधी बंड नव्हतं, संप होता. माँटेगो बेच्या बाप्टिस्ट चर्चमधला डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, सॅम शार्प हा साक्षर गुलाम. वर्तमानपत्रं वाचून लंडनमधल्या चर्चा तो लोकांना सांगायचा. प्रार्थनासभा झाल्यावर मागे थांबलेल्या मोजक्यांना त्याने बायबलवर हात ठेवून शपथ दिली: नाताळची सुट्टी संपली की मजुरी ठरल्याशिवाय कामावर जायचं नाही. वेळ विलक्षण हिशेबाने निवडली होती. नाताळानंतर लगेच गाळप सुरू होतं, ऊस फडात पिकून उभा असतो, आणि एकेका आठवड्याचा उशीर मालकाच्या मुळावर येतो. जमैकातले गुलाम स्वतःच्या वावरात कंद आणि भाजीपाला पिकवून रविवारच्या बाजारात विकत, म्हणून थोडे दिवस काढण्यापुरतं अन्नही त्यांच्यापाशी होतं. त्या बाजारांतूनच निरोप बेटाच्या पश्चिम भागात पसरले.

२७ डिसेंबर १८३१ च्या रात्री केन्सिंग्टन मळ्यावर आग लागली आणि शांत संपाची योजना हातातून गेली. मळ्यावर सगळ्यात लवकर पेटते ती वाळल्या चिपाडाची वखार; आणि चिपाडं जळाली की काहिलींखाली घालायला इंधनच उरत नाही. बेटावरच्या तीन लाखांपैकी साठ हजारांपर्यंत माणसं या उठावात आली असा अंदाज आहे. गोऱ्यांपैकी १४ जण मारले गेले. लढाईत दोनशेवर गुलाम मेले, आणि नंतर खटल्यांच्या नावाखाली तीनशेहून अधिक फासावर गेले. शार्पला २३ मे १८३२ ला माँटेगो बेच्या चौकात फाशी झाली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांनी गुलामीवर चौकशी समित्या नेमल्या. ज्यांची चर्चं गोऱ्या जमावांनी पाडली होती ते मिशनरी साक्षीला लंडनला गेले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला. ब्रिटनमधली अर्जांची चळवळ, साखरेवरचा बहिष्कार, १८३२ ची मतदानसुधारणा, या सगळ्याचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारू नये. पण विल्बरफोर्सच्या गटाने १८२३ पासून ‘हळूहळू’ मुक्ती मागितली होती. ‘हळूहळू’चं ‘आत्ता’ होण्यामागे जमैकाचा धूर होता.

बंडं का फसत, हेही सांगायला हवं. एक कारण फितुरी. १८३५ मध्ये ब्राझीलच्या साल्वादोरमध्ये अरबी लिहिता-वाचता येणाऱ्या मुस्लिम गुलामांनी रमजानच्या अखेरीस उठाव आखला. आदल्या संध्याकाळी बातमी फुटली आणि पहाटेचं काम मध्यरात्रीच, अर्ध्या तयारीनिशी सुरू करावं लागलं. दुसरं कारण निसर्ग. ३० ऑगस्ट १८०० ला व्हर्जिनियात गेब्रिएल या लोहाराने रिचमंडवर चालून जायचं ठरवलं होतं. त्याच रात्री ढगफुटीसारखा पाऊस पडला, पूल वाहून गेले, आणि एका दिवसाच्या उशिरात खबर गव्हर्नरपर्यंत पोचली. सर्वांत कडू कारण तह. जमैकाच्या डोंगरांत पळून राहिलेल्या ‘मरून’ लोकांनी इंग्रजांना जेरीस आणलं आणि १७३९ मध्ये स्वतःचं स्वातंत्र्य व जमीन तहात मिळवली. बदल्यात पुढे पळून येणाऱ्यांना पकडून द्यायचं कबूल केलं. १७६० च्या मोठ्या उठावाचा नेता टॅकी मरून बंदूकधाऱ्याच्या गोळीने मेला. एका गटाची सुटका दुसऱ्याच्या पायातली बेडी होऊ शकते, हे साम्राज्यांनी फार लवकर ओळखलं होतं.

समुद्रावरचा हिशेब वेगळा, पण दिशा तीच. आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली आणि साधारण दहा फेऱ्यांमागे एका फेरीत उठाव झाला असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक उठाव चिरडले गेले. पण त्यांच्या भीतीने जहाजांवर जास्त खलाशी, जास्त बंदुका आणि डेकवर आडवी लाकडी भिंत ठेवावी लागे. तो खर्च इतका होता की व्यापार तेवढ्याने आक्रसला आणि लाखो माणसं जहाजावर चढवलीच गेली नाहीत. हरलेल्या उठावांनी ज्यांना वाचवलं, त्यांना ते कधी कळलंही नसेल.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सगळ्यात सबळ मुद्दा असा: हैती हातचा गेल्यावर साखर क्यूबात गेली, कॉफी ब्राझीलमध्ये गेली, आणि नेपोलियनने विकलेल्या लुइझियानात कापूस व ऊस वाढला. म्हणजे एका बंडाने दुसरीकडची गुलामी वाढवली. हे खरं आहे. भांडवल सरकलं. पण प्रत्येक नव्या जागी त्याला तोच प्रतिकार भेटला. ब्राझीलमध्ये १८८७-८८ मध्ये साओ पावलोचे कॉफीमळे माणसं पळून गेल्याने ओस पडत होते, त्यानंतर १३ मे १८८८ ला मुक्तीचा कायदा झाला. अमेरिकेत यादवी युद्धाच्या सुरुवातीला, मे १८६१ मध्ये, तीन गुलाम रात्री होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर पोचले आणि सेनापतीने त्यांना परत द्यायला नकार दिला. त्या वाटेने पुढे लाखो आले. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तिथल्या गुलामांना मुक्त करण्याच्या कार्याबद्दल. ती अर्पणपत्रिका वाचताना त्या लोकांत या होडीतल्या तिघांना आणि त्या सैनिकांनाही आपण मोजायला हवं.

आता पैशाकडे. १८३३ च्या कायद्याने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के. ती सगळी मालकांना गेली. मुक्त झालेल्या सुमारे आठ लाख माणसांना काहीच मिळालं नाही. उलट त्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली आठवड्याला ४५ तास बिनपगारी राबायचं होतं. ती सक्ती १८३८ ला, ठरल्या मुदतीआधी मोडली. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळलेला होता. डेमेरारातला १८२३ चा उठाव जिथे सुरू झाला त्या ‘सक्सेस’ मळ्याचा मालक जॉन ग्लॅडस्टन याला अडीच हजारांवर गुलामांपोटी एक लाख पौंडांहून अधिक मिळाले, आणि मे १८३८ मध्ये त्याच्याच पुढाकाराने ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ या जहाजांतून हिंदुस्थानी गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, डेमेरारात उतरले. मॉरिशसमध्ये हेच १८३४ पासून सुरू झालं होतं. पुढे मुंबईहून कोकणातली माणसंही तिथल्या ऊसमळ्यांवर गेली, आजचा तिथला मराठी समाज त्यांचा वंशज. मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्नचा कडा आहे, पळून आलेल्या गुलामांचा आसरा. गिरमिटियांना ज्या मळ्यांवर नेलं, ते याच पळणाऱ्यांनी आणि मुक्तीनंतर काम नाकारणाऱ्यांनी रिकामे केले होते.

हैतीकडून तर बंडाचीच वसुली झाली. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने १४ युद्धनौका पाठवून स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, पाच हप्त्यांत. पहिला तीन कोटींचा हप्ता फेडायला हैतीला पॅरिसमध्येच कर्ज काढावं लागलं आणि बँकवाल्यांनी आपलं कापून २ कोटी ४० लाखच हाती दिले. १८३८ मध्ये एकूण रक्कम नऊ कोटींवर आली. त्यातून निघालेली कर्जं १९४७ पर्यंत फिटत राहिली. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांनी २१ अब्ज डॉलरहून अधिक परतफेड मागितली, ती फ्रान्सने धुडकावली. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सने इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. मला हा आयोग पुरेसा वाटत नाही. आकडे, तारखा, पावत्या उपलब्ध आहेत, रक्कम व्याजासह परत करायला हवी. त्या १५ कोटींचा दावा उभा करताना गमावलेल्या मळ्यांच्या किमतीत त्यांवरची माणसंही धरलेली होती. हप्ते फिटले ते मुख्यतः कॉफीच्या निर्यातीवरच्या करातून, आणि ती कॉफी डोंगरउतारावर पिकवणारे शेतकरी म्हणजे त्या किमतीत धरलेली माणसं आणि त्यांची मुलं.